दुसरा खण

तुपाची धार विहीणबाईंच्या पुरणपोळीवर पडत होती, तेवढ्यात मीनाक्षीचा पदर खांद्यावरून घसरला आणि कोपराशी येऊन थांबला.

बाकी काही झालं नाही. भांडं पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. पण पंगतीतले हात जिथल्या तिथं थांबले. नृसिंहकाकांचा घास तोंडाजवळ गेला होता, तो तसाच परत पानात आला. मीनाक्षीचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सगळाच्या सगळा दिसत होता. बाही नव्हतीच. आखूड नव्हे, तोकडी नव्हे, मुळात नव्हतीच. खांद्यावर दोन बोटं रुंदीची पट्टी, आणि तिच्या कडेनं खणाचा लालभडक काठ.

पद्मजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पोळ्यांचं ताट घेऊन उभी होती. पोरीचा दंड दिसला याचं तिला पुढं वाटायचं ते वाटलंच, पण तिची नजर आधी गेली ती विहीणबाईंच्या चेहऱ्यावर. कारण तो खण विहीणबाईंचाच होता. साखरपुड्याला गडहिंग्लजहून त्यांनी मुद्दाम आणलेला, इरकली साडीबरोबर ओटीत घातलेला. आणि आता आपल्याच खणाकडं त्या असं बघत होत्या, जसा घरातला चमचा दुसऱ्याच्या ताटात दिसावा.

"मीनू," तिच्या आजी, माई, म्हणाल्या, "पदर सावर."

मीनाक्षीनं तुपाची तामली खाली ठेवली आणि सावरला. सावकाश सावरला, घाईघाईनं नाही, हेही सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता यात दैवाचा खेळ बघा. सकाळपासून पोरगी दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून वावरत होती आणि माई तिचं कौतुक करून थकत नव्हत्या. 'बघा, बी.ए. झाली तरी कशी मर्यादेनं राहते.' केळवण तिचं, म्हणजे तिनं पाटावर बसायचं. पण लग्नाची खरेदी करायला विहीणबाई कोल्हापुरात आल्या होत्या, त्यांनाही जेवायला बोलावलं होतं, तेव्हा त्यांच्या पानावर पहिलं तूप होणाऱ्या सुनेनं वाढावं ही हौसही माईंचीच. ती हौस नसती तर पदर जागचा हलला नसता आणि पुढचं काही झालं नसतं.

या घरात बाईच्या बाहीवरून झालेलं हे पहिलं भांडण नव्हे म्हणा. माई स्वतः जन्मभर गाठीच्या चोळीत. पद्मजा लग्न होऊन आली ती फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालून, तेव्हा माईंनी विचारलं होतं, "यात काय कबुतरं पाळणार आहेस?" फुगे गेले, कोपरापर्यंत बाह्या आल्या. मग त्या वर वर सरकत चालल्या. पाठीवर बटणं आली तेव्हा माईंनी आठवडाभर अबोला धरला होता, कारण नवऱ्याच्या मदतीशिवाय जे लावता येत नाही ते कपडे नव्हेत म्हणे. पण तो सगळा सासू-सुनेचा मामला होता, स्वयंपाकघरात सुरू होऊन तिथंच संपायचा. आज सदुसष्ट सालात, भरल्या पंगतीत, विहिणीसमोर बाही अख्खी नाहीशी झाली होती.

"सिनेमाच्या पाटीवर असतात तसल्या बायका आता आमच्या घरात जेवायला वाढतात तर," नृसिंहकाका म्हणाले. ते माईंचे धाकटे दीर, निवृत्त वकील, आणि भाऊ गणपतराव गेल्यापासून घराण्याचे कर्ते. आवाज न चढवता माणसाला सोलायची विद्या त्यांनी कोर्टात मिळवली होती. "यज्ञेश्वर, तू शाळेत मुलींना शिस्त शिकवतोस ना?"

पद्मजाच्या नवऱ्यानं, म्हणजे दादांनी, मान खाली घातली आणि भात कालवू लागले. पानात भात अजून वाढलेला नव्हता. ते पुरणच कालवत होते.

"दुसरा घालून ये जा," माई नातीला म्हणाल्या.

"या साडीवरचा दुसरा नाही, माई."

आणि इथं पद्मजानं घाईत एक वाक्य टाकलं. पुढं कितीतरी वेळा तिला वाटलं की त्या क्षणी जीभ चावली असती तर बरं झालं असतं. पण विहीणबाईंचं तोंड तसंच होतं आणि काहीतरी बोलायला हवं होतं.

"पोरीचा दोष नाही," ती म्हणाली. "चाँदबीनं कापड कमी पाडलं असणार. सकाळीच आणून दिला, मला उघडून बघायलाही वेळ झाला नाही."

"कमी?" विहीणबाई पहिल्यांदा बोलल्या. "हल्लीच्या लांब ब्लाउजला एक खण पुरत नाही म्हणून मी दोन दिले होते. एक अंगाला, एक बाह्यांना. एकाच थानातले, काठाला काठ जुळवून घेतलेले. दोन खणांत काय बाह्या होत नाहीत?"

"म्हणजे खाल्लं," नृसिंहकाका म्हणाले. "एक खण अख्खा खाल्ला. शिंपी आपल्या आईच्या लुगड्यातलंही कापड खातो म्हणतात."

"आई, चाँदबीला यात ओढू नकोस," मीनाक्षी म्हणाली.

"तू गप्प बस," पद्मजा म्हणाली. ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

लालासाबचं दुकान राजारामपुरीच्या कोपऱ्यावर होतं आणि घर त्याच्या मागच्या बोळात. पुरुषांचे कपडे तो दुकानात शिवायचा, बायकांचे त्याची बायको चाँदबी घरात. पद्मजाच्या फुग्याच्या बाह्यांपासून पाठीवरच्या बटणांपर्यंत सगळं तिच्याच हातून गेलेलं. चाँदबी अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"या की वैनी. जेवणं झाली?"

"चाँदबी, दुसरा खण कुठं आहे?"

चाँदबीनं सूप बाजूला ठेवलं. "कसला दुसरा?"

"मीनूच्या सासरचा. दोन दिले होते. बाह्या का नाही लावल्या? पंगतीत माझं तोंड काळं झालं. विहीणबाई बसल्यात तिथं."

"सरळ म्हणा की, चाँदबीनं कापड खाल्लं," चाँदबी म्हणाली. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. "वैनी, आजपतुर तुमच्या घरची चिंधीसुदीक परत दिली मी. गोधडीला लागंल म्हणून गाठोडं बांधून दिली. आनि आता लगीनघरातला खण खाईन व्हय?"

"मग गेला कुठं?"

"जाईल कुठं. दोन खण दिलं, दोन चोळ्या केल्या. एक मीनूची, एक आक्कांची."

"कुठल्या आक्कांची?"

चाँदबीनं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमच्या घरात किती आक्का हायत्या?"

पद्मजा पायरीवर बसली. घरात आक्का एकच. दादांची आत्या. दहाव्या वर्षी कुंकू पुसलेली, तेराव्या वर्षी केस उतरवलेली, तेव्हापासून माहेरीच असलेली. लाल आलवण डोक्यावरून घेऊन मागच्या खोलीत जप करत बसणारी. सत्तरीची बाई. सोवळ्यातल्या बाईला चोळी नसते हे या घरात कुणी कुणाला कधी शिकवलं नव्हतं. नसते म्हणजे नसते, बस.

"तिनं मागितली?"

"मीनूनं बोलावलं मला. दुपारचं. तुम्ही अंबाबाईला गेलता. मी म्हटलं, मापाला जुनी चोळी द्या. समद्या बायका देत्यात, त्यावरनं बेततो आपण. म्हातारी म्हणली, जुनी न्हाय. मला वाटलं, विटकी असंल म्हणून लाजतीया. म्हटलं, फाटकी असली तरी चालंल. तर म्हणली, फाटकीबी न्हाय गं, म्या कधी घातलीच न्हाय." चाँदबी थांबली. "मग टेप घेऊन जवळ गेले, तर दोन्ही हात असं छातीशी धरून बसली. सोडंना. शेवटी मी डोळं मिटलं आनि हातानंच माप घेतलं. तेवीस वरसं शिवतीया मी, असं माप कधी घेतलं न्हाय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुमास्नी ठाव हाय. मीनू म्हणली, माझा दुसरा खण घ्या, मला बाह्या नकोत. मी म्हटलं, बया, सासरचं लोक काय म्हणतील. ती म्हणली, ते मी बघते."

"पण या वयात कशाला हवी होती त्यांना चोळी?"

"ते तिलाच इचारा," चाँदबी म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं. "मी शिवणारी. कशापायी ते मी इचारत न्हाय."

परत येताना बोळ तेवढाच होता, पण पद्मजाला तो संपू नये असं वाटत होतं. आता काय करायचं? चाँदबीवरचा आळ तसाच राहू द्यावा, तर लग्न सुखरूप. उद्या तिला हळूच साडी नेऊन द्यावी, माफी मागावी, ती रागावेल आणि विसरेल. खरं सांगावं, तर होणाऱ्या सुनेच्या ओटीतला खण, सासरहून आलेला, विधवेच्या अंगात गेला हे विहिणीच्या कानावर घालायचं. लग्न पंधरवड्यावर. गडहिंग्लजला जाऊन ती बाई काय सांगेल? सुनेच्या शकुनाचा खण बोडक्या म्हातारीला घातला. असं घर कुणी करील का? आपली पोर एवढी शिकली-सवरली, आणि एका चोळीपायी दारात बसून राहील. पद्मजा खरंच घाबरली होती. खोटं बोलायचं ठरवूनच ती मागच्या दारातून आत आली.

पंगत उठली होती. पुरुष झोपाळ्याजवळ, बायका सतरंजीवर. विहीणबाईंसमोर पानसुपारीचं तबक होतं, पण त्यांनी सुपारी उचलली नव्हती. मीनाक्षी खांबाला टेकून उभी होती, खांद्यावर कुणाची तरी शाल टाकलेली.

"मी सांगितलंय यज्ञेश्वरला," नृसिंहकाका म्हणाले, "उद्यापासून त्या लालासाबाला आपल्या घरचं काम नाही. आणि मी उद्या तालमीजवळ चारचौघांत सांगणार आहे. लग्नघरात चोरी करणाऱ्याला गावात दुकान कशाला हवं? काय म्हणाली ती?"

"आई," मीनाक्षी मधेच म्हणाली. तिनं आईचा चेहरा वाचला होता. "मीच सांगितलं होतं बाह्या नकोत म्हणून. मला आवडतात तसल्या. उरलेला खण माझ्याकडूनच हरवला. संपलं."

खोटं बोलताना ती लहानपणीसारखीच मान वाकडी करत होती. पोरीनं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि आता पद्मजानं फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं. नृसिंहकाका पोरीला बोलतील, विहीणबाई नाक मुरडतील, निभावेल.

पण डोळ्यांपुढून दोन हात जाईनात. छातीशी घट्ट धरलेले. या हातांनी पद्मजाच्या बाळंतपणात तिला न्हाऊ घातलं होतं.

"चाँदबीनं चिंधीसुद्धा ठेवलेली नाही," ती म्हणाली. "मीनूनंही हरवलेला नाही. दुसऱ्या खणाची चोळी शिवली. आक्कांसाठी."

विहीणबाईंचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. माईंनी "काय?" म्हटलं, इतकं हळू की ते त्यांच्या त्यांनाच ऐकू गेलं असावं. दादा झोपाळ्यावरून उठून उभे राहिले आणि कशाला उठलो ते न कळून परत बसले.

"माझ्या खणाची?" विहीणबाई म्हणाल्या. "देवीला लावून आणला होता मी तो."

"वहिनी, तुमच्या घरात काय चाललंय?" नृसिंहकाका माईंकडं वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "नातीला बाही नको, आणि विधवेला चोळी. आपल्या घराण्यात आजवर एका बाईचा दंड उघडा पडलेला नाही. एकीचा नाही. सांगा कुणाचा पडला?"

"माझे पडलेत, नरसू."

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आक्का भिंत चाचपत बाहेर आल्या. एका डोळ्यानं दिसायचं कधीच बंद झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. शुभकार्याच्या दिवशी त्या कधी पुढच्या सोप्यात येत नसत. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, त्या येत नसत. आज आल्या. आलवणातून दोन हात बाहेर आलेले, भिंतीवर फिरणारे. वाळलेले, सुरकुतलेले, खांद्यापर्यंत उघडे.

"माझे दोन्ही दंड जन्मभर उघडेच आहेत," आक्का म्हणाल्या. "याच हातांनी तुम्हाला सगळ्यांना वाढलं, पाणी ओढलं, जात्यावर बसले. तुला दिसले नाहीत होय?"

नृसिंहकाकांनी झोपाळ्याची कडी धरली.

"माझं शेवटचं पोलकं आठवतं का तुला? हिरवं होतं. बायकांनी अंगातनं काढलं, आणि आता याचं काय करायचं म्हणून आईनं ते फाडून तुझ्या पतंगाला शेपटी केली. तू लहान होतास. माळावर उडवत होतास, मी मागच्या दारातून बघत होते. मला वाटायचं, पतंग तुटू नये. तुटला तर पोलकं जाईल."

"आक्का," नृसिंहकाका म्हणाले.

"आठवतं ना?"

"आठवतं."

"बरं झालं. मला वाटलं, मला एकटीलाच आठवतंय."

कुणीतरी रडत होतं. पद्मजानं बघितलं, तर मीनाक्षी. आक्का खांब हाताला लागल्यावर तिथंच टेकल्या.

"हिला काही बोलू नका. मी पांढरं मांजरपाट म्हटलं होतं. ही म्हणाली, पांढरी चोळी म्हणजे परत विधवेचीच झाली की, माझ्या खणाची घाल. हट्टी आहे. मीही फार नाही म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू. साखरपुड्याच्या दिवशी तिनं तो खण माझ्या हातात दिला होता, बघा म्हणून. आजवर कुणी दिला नव्हता. किती मऊ असतो."

"पण का, आक्का?" दादा म्हणाले. "आताच का?"

"मिरजेला जायला."

मिरज म्हणताच सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना एकदमच लाज वाटली, कारण या घरात त्या मिरजेवरून काय कमी बोलणी झाली होती? डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दादांनी तिथल्या दवाखान्यात दोनदा खाट ठरवली आणि दोनदा आक्कांनी दाराची चौकट धरून ठेवली. गेल्या महिन्यात तर टॅक्सी तासभर दारात उभी. 'म्हातारी सुरीला भिते' म्हणून दादा चिडले होते, 'आंधळी होऊन आमच्या गळ्यात पडणार' असं नृसिंहकाका बोलले होते, तेही त्यांना ऐकू जाईल असं. आता येत्या मंगळवारची तिसरी खाट होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की याहून उशीर केला तर तो डोळाही हाती लागणार नाही.

"पाटलांच्या म्हातारीनं मला सांगितलं तिथलं," आक्का म्हणाल्या. "डोळे बांधून उताणं निजवतात. डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, हात उचलायचा नाही. दिवस दिवस. आणि पुरुष येतात-जातात. पदर सरकला तर मला दिसणार नाही, सावरता येणार नाही. बाकीच्या बायकांना आत चोळी असते. मला काय आहे? मी ठरवलं होतं, डोळे गेले तर जाऊ देत. अंधारात तरी आपलं अंग आपल्यापाशी राहील."

"मला का नाही सांगितलंस?" दादा म्हणाले.

"भाच्याला असलं सांगतात होय, यज्ञेश्वरा?"

माई उठल्या. पद्मजाला वाटलं, आता या सुनेच्या नावानं सुरू करणार. पण त्या दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, हे गेले तेव्हा मी चोळी उतरवायला निघाले होते. तुम्हीच म्हणालात, वहिनी, काळ बदललाय, तसलं काही करू नका. मी नाही केलं. तेव्हा आक्का दारात उभ्या होत्या. काळ बदलला तो माझ्यापुरता बदलला. त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्ही नाही, मीही नाही. एका घरात, एका चुलीवर."

नृसिंहकाकांनी खुंटीवरची टोपी घेतली. डोक्यावर ठेवली, काढली, परत ठेवली. "लालासाबाबद्दल मी काही बोललो नाही असं समजा," एवढं म्हणाले आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले. ते काही पाघळले नव्हते. पण बहिणीकडं बघायचं टाळून ते गेले हे पद्मजानं बघितलं.

राहिल्या विहीणबाई. पद्मजानं त्यांच्याकडं बघायचं धाडस केलं. त्यांनी तबकातली सुपारी उचलली, तोंडात टाकली, चावली.

"लग्न मोडायला मी आलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचं तुमच्यापाशी. पण दोन गोष्टी सांगते. बिनबाह्यांचं हे मांडवात दिसता कामा नये. आणि त्या दुसऱ्या खणाचं आमच्या घरी कळता कामा नये. मी विसरले. तुम्हीही विसरा."

मीनाक्षीनं तोंड उघडलं. पद्मजानं तिच्या दंडाला, शालीखालच्या त्या उघड्या दंडाला, असा चिमटा काढला की ते परत मिटलं. विसरायची कबुली द्यायला लाज वाटत होती, पण दिली. पोरीचं लग्न होतं. विहीणबाई एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या, हळदीकुंकू लावून घेतलं आणि जाता जाता खांबापाशी क्षणभर थांबल्या. आक्कांना काहीतरी म्हणतील असं वाटलं. त्या आपला पदर सारखा करून बाहेर पडल्या.

"आणि तुला खरंच बाह्या नको होत्या?" त्या गेल्यावर माईंनी नातीला विचारलं.

मीनाक्षीनं नाक पुसलं. "खरं सांगू? नकोच होत्या."

"कार्टी," माई म्हणाल्या.

मागच्या खोलीत आक्कांनी उशाखालून धुवट धोतराचं बोचकं काढलं. आत चोळी, नीट घडी घातलेली. हिरवट अंगाची, लाल काठाची.

"चार दिवस झाले आणून," त्या म्हणाल्या. "दार लावून घालून बघितली, पण जमत नाही. काहीतरी चुकतंय. मंगळवारी तिथं कुणाला विचारू?"

पद्मजानं दार लोटलं. आक्कांनी चोळी उलगडली आणि डावा हात उजव्या बाहीत घातला. मग पाठ पुढं आली. मग त्या थांबल्या, हात तसाच अडकलेला, आणि लहान मूल थांबतं तशा उभ्या राहिल्या. पद्मजानं बाही काढली, चोळी फिरवली, एक हात, मग दुसरा. हाडं हाताला लागत होती. पुढची दोन टोकं तिच्या हातात आली आणि तिथं तिचंही अडलं, कारण तिला हुक माहीत, बटणं माहीत. गाठीची चोळी तिनं कधी घातली नव्हती.

"सर बाजूला," माई मागून म्हणाल्या. त्या कधी आत आल्या ते कळलं नव्हतं.

त्यांनी टोकं घेतली, ओढली आणि गाठ मारली. रोज सकाळी स्वतःला मारायच्या तीच गाठ. पण आज पहिली गाठ सुटली. दुसरी बसली.

आक्कांनी बोटं बाहीवरून फिरवली. काठापाशी आल्यावर थांबल्या, परत वर गेल्या. मग श्वास घेऊन बघितला, आणि आणखी एक घेऊन बघितला.

"माई, घट्ट झालीय का गं? का अशीच असते?"

"अशीच असते," माई म्हणाल्या. "चार दिवसांनी अंगात आहे हेसुद्धा कळत नाही."